दुकानासमोरची धूळ

तांड्यातली नवी पोरं आता ही गोष्ट सांगतात तेव्हा दोष रस्त्यावर धूर-धूळ उडवणाऱ्या ट्रकवाल्यांना देतात. तो चुकीचा आहे. एका निरपराध सुनेवर विष चारल्याचा आळ आला तो माझ्या हातच्या धुळीमुळे, आणि तो टिकला माझ्या गप्प बसण्यामुळे.

नव्वदच्या दशकात जवळा बाजारच्या रस्त्यावर माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. आसपासचे ट्रॅक्टर आणि जीपवाले माझ्याकडेच यायचे. कामात मी पक्का होतो, हे आजही सांगतो. बॅटरी उघडायची, तेजाब ओतून द्यायचं, शिशाच्या प्लेटा झटकायच्या, कढईत शिसं वितळवून नवे जोड ओतायचे. झटकलेली भुकटी आणि कढईवरची राख मी समोरच्या खड्ड्यांत टाकी. चाकांखाली ती दळली जाई. तिथली धूळ काळपट, जड आणि पिठासारखी मऊ झाली होती.

मूग-उडीद निघाले की लोक शेंगा त्याच डांबरी रस्त्यावर पसरत. गाड्यांखाली आयती मळणी होई. जवळच्या तांड्यातली एक म्हातारी दरवर्षी माझ्या दुकानासमोर पसरी. तिच्या ध्यानात आलं की इथल्या मुगाला भुंगा लागत नाही. कडधान्य साठवताना त्याला चुलीची राख चोळायची आमच्याकडे रीत. ही धूळ राखेपेक्षा बरी, असं तिनं ठरवलं.

"नेऊ का मिस्तरी थोडी?"

"थोडी काहून? टोपलं भरून न्या मावशी. किड्याच्या सात पिढ्या फिरकणार न्हाईत."

मला गंमत वाटली होती, थोडा अभिमानसुद्धा. पुढं दर हंगामात ती धूळ झाडून नेई. चाळणं, मुगाला चोळणं, मग तो पाखडून जात्यावर भरडणं, सगळं स्वतः करी. सुनेच्या हाताला बरकत नाही, असं ती सुनेदेखतच मला सांगे. सुनेकडे फक्त स्वयंपाक होता.

चार-पाच वर्षांत म्हातारीच्या पोटात कळा येऊ लागल्या. मग उजवं मनगट लोंबायला लागलं, हातात सूप धरवेना. घरात आजारी ती एकटीच आणि रांधणारी सून. एवढ्यावर तांड्यानं निकाल लावला. नवऱ्यानं चारचौघांत ओरडून बायकोला विष चारणारी म्हटलं आणि साखऱ्याला तिच्या माहेरी नेऊन सोडलं.

त्याच वर्षी माझंही पोट दुखायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी माझ्या हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली, धंदा विचारला आणि सांगितलं की अंगात शिसं गेलंय, नाकातोंडात जाणाऱ्या धुळीतून जातं. म्हातारीला काय झालंय आणि घरात धूळ चाळणाऱ्या तिलाच का, हे मला त्या खुर्चीतच कळलं.

परत येऊन मी कढई बंद केली आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांत मुरूम टाकून दाबला. म्हातारीला एवढंच म्हणालो की धूळ आता खराब झाली, वापरू नका, चोळलेले मूग फेकून द्या. दवाखान्यात काय सांगायचं, हे तिला सांगितलं नाही. सुनेबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्या हाताचं बाजारात नाव होतं, ते मला जपायचं होतं. दोन वर्षांनी म्हातारी वारली. सून माहेरीच राहिली, दुसऱ्यांच्या शेतात खुरपत.

आणखी सहा वर्षांनी मी साखऱ्याला गेलो आणि तिला सगळं सांगितलं. तिनं विळा खाली ठेवला नाही.

"मला काहून सांगता? म्या काय केलं न्हाई हे मला ठावं हाय. तांड्यात सांगा."

दुसऱ्या दिवशी मी तांड्यात गेलो. ती भावाला घेऊन आली होती. तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, ओट्यासमोर सगळे जमले. मी उभा राहिलो आणि धूळ कसली होती, मला केव्हा कळलं, किती वर्षं लपवलं, ते बराबर सांगितलं. एक बाई माझ्या पायाजवळ थुंकली. मी सरकलो नाही.

नायकानं तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो उठला आणि खाली बघत पुटपुटला, "चूक झाली."

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "त्या दिशी समद्या तांड्याला ऐकू गेलं होतं."

तो मोठ्यानं बोलला. ती भावाबरोबर साखऱ्याला परत गेली.