बाबांचं चालणं
दवात भिजलेल्या गवताचा वास आला की धारगळची ती सकाळ आठवते. हृदयाच्या ऑपरेशननंतर बाबा रोज शेताच्या बांधावरून चालायचे आणि त्यांच्या फोनवर मी घालून दिलेल्या ॲपमध्ये ते चालणं आपोआप मोजलं जायचं; वजन, पथ्याचं जेवण ते स्वतः नोंदवायचे. ते गेले. बाराव्यानंतर त्यांचा फोन बंद करायला घेतला, तर त्यात आजच सकाळचं चालणं नोंदलेलं दिसलं. मी आईकडे पाहिलं. "तेंचा चलणा बंद पडूक नको," ती हळूच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती बाबांचा फोन घेऊन चालायला निघाली, तेव्हा मीही तिच्यासोबत निघाले. फणसाखालच्या एका दगडापाशी ती थांबली. "दम लागलो की हांगा बसताले. तुका सांगू नको म्हणताले." मग ती त्याच दगडावर बसली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच रडली. आई अजून रोज चालायला जाते, पण आता बाबांचा फोन घरी ठेवून.