डोंगर उघडले तो रविवार

समोर कोणीही आलं की डॉक्टर आधी त्याच्या बुटांकडे बघायचे, मग तोंडाकडे. एडिनबरात मी त्यांच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा जिन्यातच त्यांनी माझे बूट न्याहाळले. "पुण्याचे दिसता. हे इथे टिकायचे नाहीत." आठवडाभरात त्यांचं अहो-जाहो संपलं. आपल्यावर हक्क सांगणारी अशी माणसं परदेशात तुम्हालाही भेटली असतील.

ते गुरांचे डॉक्टर. मूळचे नगरकडचे, घरी शेरडं-मेंढरं. इथे मात्र शहरातल्या एका क्लिनिकमध्ये नोकरी. "शिकलो गाईचं बाळंतपण, आणि बोक्यांना डाएट सांगतोय," म्हणून स्वतःच हसायचे. घरात एकटेच. रविवारी दिवसभर डोंगर आणि संध्याकाळी मटणाचा रस्सा. त्याचा वास जिनाभर पसरायचा आणि एक वाटी माझ्या दाराशी यायची.

दोन हजार एक साली लाळ्या-खुरकुताची साथ आली. माणसांच्या बुटांतून ती पसरू नये म्हणून डोंगरवाटा बंद झाल्या, गेटांवर पाट्या लागल्या. सरकारला गुरांचे डॉक्टर कमी पडत होते. "मेंढरांचं काम येतं मला," म्हणत हे रजा टाकून दक्षिणेकडच्या शेतांवर गेले. मला वाटलं, औषधपाणी करायला गेलेत. तिथे औषध नव्हतंच. लागण झालेला कळप मारायचा, आणि शेजारचा धडधाकट कळपही.

काम संपल्यावर परत आले. रविवारी रस्शाचा वास येईना. वर पावलं मात्र रात्रभर वाजत राहायची.

साथ पुरती गेली नव्हती, पण शहरालगतच्या पेंटलँड डोंगरांच्या वाटा खुल्या झाल्या. शेतांवर काम केलेल्यांना काही दिवस जनावरांपासून लांब राहावं लागे, डॉक्टरांची ती मुदतही संपली होती. एका रविवारी सकाळी दार वाजलं.

"चल रे, डोंगर उघडलेत."

गेटपाशी जंतुनाशकात भिजवलेला पेंढा पसरला होता. त्यात बूट बुडवून मी पलीकडे गेलो. डॉक्टर अलीकडेच, पेंढ्याकडे बघत उभे.

"संपलं की हो आता ते," मी म्हणालो, तेव्हा हलले.

पहिलाच चढ छातीवर येणारा. वारा तर उभं राहू देईना. मी धापा टाकत होतो आणि डॉक्टर "घाई कुणाला आहे?" म्हणत झपाझप पुढे. एक माथा गाठला की उतरायचं, की पुन्हा चढण.

"आता परत फिरू या," मी म्हणालो.

"अजून एक. तिथून समुद्र दिसतो."

तिथे पोचतो तोच त्यांची टोपी उडाली. डोंगरभर ते तिच्यामागे धावले. ती हाती लागल्यावर इतके हसले, की मीही गवतात बसून हसत सुटलो. खाली शहर, पलीकडे समुद्र, आणि हा माणूस महिन्यांनी हसत होता.

उतरताना वाटेत एक मेंढी बसलेली, कुशीला कोकरू. डॉक्टरांनी माझी बाही धरली.

"थांब. उठवू नकोस त्यांना."

आम्ही उभे राहिलो. मग ते हळू आवाजात बोलू लागले. "एका शेतावरच्या बाईने आई मेलेलं कोकरू स्वयंपाकघरात बाटलीवर वाढवलं होतं. काही झालेलं नव्हतं त्याला. तिनेच उचलून माझ्या हातात दिलं. माझं काम उरकल्यावर चहा आणला. साखर किती, विचारलं."

"मग?"

"दोन चमचे म्हणालो. प्यालोसुद्धा."

मेंढी आपणहून उठेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

थंडी पडायच्या आत त्यांनी नोकरी सोडली, फ्लॅट रिकामा केला. कुठे जाणार विचारलं, तर "बघू" एवढंच म्हणाले. नंतर काही कळलं नाही.

मला आठवते ती त्या रविवारची परतीची बस. डॉक्टर बसल्या बसल्या झोपले. त्यांची मान हळूहळू माझ्या खांद्यावर आली. किती दिवसांनी झोपले होते, कोण जाणे. आमचा स्टॉप आला. मी बेल दाबली नाही. बस पुढे जात राहिली, माणसं उतरत गेली, आणि शेवटी आम्ही दोघंच उरलो.