ओळखीचं लाकूड

लाकडाच्या खुर्चीवर जन्मात न बसलेला माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. सिंदेवाहीजवळच्या त्यांच्या गावी लग्न असो की सभा, कोणी खुर्ची पुढे केली की मावसाजी तिच्याभोवती एक फेरी मारत, तिच्यावरून बोट फिरवत आणि खाली सतरंजीवर बसत. "अजी, बसा ना, लोक पाहून राह्यले," मावशी दबक्या आवाजात म्हणायची. "वळखीचा निघाला तं?" मावसाजी मोठ्यांदा विचारत. घरात पाटसुद्धा नव्हता. जेवायला दगडी फरशा मांडलेल्या असत, आणि थंडीच्या दिवसांत पाहुण्याच्या तोंडून "पुरे" फार लवकर निघे. घराची बरकत त्यामुळेच टिकली, असं मावशीचं मत होतं.

मालगुजारी गेली तेव्हा त्यांची गावं गेली, जंगल गेलं. उरला फक्त घरामागच्या शेतातला सागाचा लहानसा पट्टा. त्यातली सगळी झाडं नात्यातली. हे काका, हे मोठे मामा, आणि मधला सर्वांत थोराड तो आजोबा. लहानपणी आजोबाला वाकून नमस्कार केल्याशिवाय मला जेवण मिळत नसे.

एकदा नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारा माझा मित्र माझ्याबरोबर गेला. त्याने ऐनाच्या झाडाला बीजा म्हटलं, आणि मावसाजी मटकन खाली बसले. मित्राने बिचाऱ्याने खरं ते सांगितलं. कॉलेजात झाडं म्हणजे कागदावर चिकटवलेली वाळकी पानं. जंगल पाहायचं तर सुटीत, पण सुटीत तो विडीच्या कारखान्यात कामाला जाई, नाहीतर पुढच्या वर्षीची फी कुठून भरणार?

"म्हंजे पोट भरन तो झाड शिकन नाई, अन् झाड शिकन त्याचं पोट भरन नाई," मावसाजी म्हणाले. "असं कसं चालन गा?"

दुसऱ्याच दिवशी ते जंगल खात्याच्या साहेबाकडे गेले. गरीब पोरांना उन्हाळाभर जंगलात ठेवा, शिकवा आणि वर तनखा द्या, एवढंच मागणं होतं. साहेबाने खुर्ची दिली, मावसाजी जमिनीवर बसले. बिचारा साहेबही मग संकोचून उभाच राहिला. झाड कापायला, ओढायला, विकायला पैशाची तरतूद आहे, म्हणाला, पण ते नुसतं ओळखायला नाही. मावसाजी घरी आले आणि त्यांनी काकांना विकलं.

त्या उन्हाळ्यात चार पोरं आली. खाणं-राहणं, गाडीभाडं आणि महिनाअखेर हातात रोख तनखा. मावसाजी त्यांचे डोळे बांधून खोडांना मिठी मारायला लावत. एकाने धावड्याला कवटाळून "साग!" म्हटलं, तेव्हा मावसाजी कपाळाला हात लावून ओरडले, "बाप्पा! साळ्याच्या गळ्यात पडून बाप म्हन्ते!" दरसाल पोरं वाढली, आणि दरसाल नात्यातलं कोणी ना कोणी गेलं. झाड विकताना मावसाजी घासाघीस करत नसत. मयताचा भाव करू नये, म्हणत. ठेकेदारांना असा विकणारा देव पुन्हा भेटला नसेल.

"झाडं शिकवाले झाडंच कापता?" मावशी चिडायची.

"बियाण्याचं धान आपन खातो का?" ते म्हणत. "घरी उपास पडला तरी पेरतोच ना? हे पोट्टे म्हंजे बियानं." पण हे सांगताना त्यांचा आवाज पडायचा. शेवटी एकटा आजोबा राहिला, तेव्हा मावशीने बजावलं, "याले हात लावाल तं मी या वयात माहेरी जाईन."

इकडे पहिली पोरं नोकरीला लागली होती. माझ्या मित्राने सगळ्यांना गाठून वर्गणी जमवली. आजोबाला वाचवायचं, आणि यापुढचा खर्च दरसाल आपण उचलायचा. मावसाजींना चकित करायचं म्हणून कुणी काही कळवलं नाही. आम्ही पेढे घेऊन अरुंद रुळांच्या लहान गाडीने सिंदेवाहीला उतरलो, तिथून बैलगाडीने गावात. घरामागे वळलो तर आभाळ फार मोकळं दिसलं. ठेकेदाराची गाडी सकाळीच गेली होती. त्या सालची पोरं पडलेल्या फांद्या गोळा करत होती.

मित्राने थैली पुढे केली आणि कशासाठी ते सांगितलं. "काल काऊन नाई आले रे बापू?" मावसाजी म्हणाले. मग त्याचा पडलेला चेहरा पाहून घाईघाईने म्हणाले, "नाई, बरं झालं. पुढच्या पोट्ट्यायची सोय झाली." एक पोस्टकार्ड टाकायला काय झालं होतं, असं मला अजूनही वाटतं.

"मावसाजी, बसा जरा," मित्र म्हणाला. त्यांनी आजोबाच्या बुंध्याभोवती एक फेरी मारली, ताज्या कापावरून बोट फिरवलं आणि सावकाश त्याच्यावर बसले.

"वळखीचा आहे," म्हणाले. मग पोरांना जवळ बोलावून त्यांनी त्या दिवशीचा धडा सुरू केला. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात तसाच राहिला.