लसणाच्या फोडणीचा वास

"ह्यांना झिंक कमी पडलंय," डॉक्टर म्हणाले, आणि टँकरवाल्याला दिलेल्या सगळ्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

माझ्या नवऱ्याचं बहुतेक लहान आतडं ऑपरेशनमध्ये काढावं लागलं. तेव्हापासून पोषण छातीतल्या नळीतून, थेट रक्तात. ह्याला पॅरेंटरल न्यूट्रिशन म्हणतात. घरीच त्या पोषणद्रवाची पिशवी लावतो. तोंडानं फक्त घोटभर पाणी.

उस्मानपुऱ्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही बायपासकडच्या नव्या इमारतीत आलो होतो. नळ यायचे बाकी होते, दुष्काळ मात्र वेळेवर आला. टँकरच्या पाण्यानं अख्ख्या बिल्डिंगला खाज सुटलेली. त्यामुळे ह्यांच्या ओठांभोवती, बोटांवर लाल चट्टे उठले तेव्हा मी खोबरेल तेल लावून मोकळी झाले. जुलाबही वाढले होते. उन्हाळ्याचं असेल, म्हटलं.

त्यात ती फोडणी. फोडणीचा वास आला की हे भिंतीकडे तोंड करायचे. म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लावून बिनफोडणीचं वरण करायची. एक दिवस हेच म्हणाले, "घाल फोडणी. मला आता कशाचाच वास येत नाय."

मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. ह्यांनी मन आवरलं असं समजून मी दार सताड उघडं ठेवून लसणाची झणझणीत फोडणी घातली. मुलगी आणि मी पोटभर जेवलो. ते जेवण मला अजून सलतं.

डॉक्टरांनी समजावलं, "झिंक, कॉपर, सेलेनियम हे ट्रेस एलिमेंट्स. शरीराला अगदी चिमूटभर लागतात. पिशवीत ते होतेच, पण जुलाबातून झिंक फार वाहून गेलं. चट्टे त्याचेच, वास-चव जाणंही त्याचंच. अजून उशीर केला असता तर साधं इन्फेक्शनही जिवावर बेतलं असतं. आधी का नाही सांगितलं?"

तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्वचा, चव, जुलाब, काहीही बदललं तरी लगेच डॉक्टरांना सांगा. आपल्या मनानं कारणं शोधत बसू नका.

पिशवीतलं झिंक वाढवलं. चट्टे फिके पडले. मी पुन्हा दार लावू लागले.

एका सकाळी आमच्यापुरत्या फोडणीतला लसूण करपला. बंद दाराआडून आवाज आला, "अगं, लसूण जाळलास की!"

मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून रडले. ह्यांची भूक परत आली होती आणि मी वाढू काहीच शकत नव्हते. बाहेर आले तर हे भिंतीकडे वळलेले नव्हते.

"दार उघडं ठेवत जा," म्हणाले. "निदान वास तरी घेऊ दे."

आता आम्ही दोघी ताटं घेऊन त्यांच्या खोलीतच बसतो. मी घास हातातच धरून बसते. मग हेच म्हणतात, "जेव गं, निवतंय."