इंग्लंडमार्गे कवठे महांकाळ

आधी हातातला चहा खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना माझ्या एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता, म्हणून म्हणते. मी एका दिवसात अख्खी गल्ली रडवली, जीपभर माणसं कवठे महांकाळहून सांगलीला आणली, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने भोकाड पसरलं होतं मीच. का? तेच तर सांगतेय!

सगळा दोष एका पुस्तकाचा. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत ते सापडलं. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून सायकलवर कसं हिंडावं, याचं. काय ती चित्रं! हिरवे मऊ चढउतार, दगडी पूल, कापसाच्या गोळ्यांसारखी मेंढरं आणि एकटीच सायकलवर चाललेली एक बाई. पुस्तक संपेपर्यंत तिला एकाही माणसाने विचारलं नाही, ‘कुणाची गं तू?’

मला आयुष्यात दुसरं काय हवं होतं?

मला हवं होतं पुणे. बी.ए. झालं होतं, पुढचं शिकायला पुण्याला जायचं होतं, आणि वाटेत आण्णा बसले होते. आण्णा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. घरात शेवटचा शब्द त्यांचा. पहिलाही त्यांचाच.

“पुण्यात एकटी राहणार व्हय तू?”

“राहीन.”

“मिरजेला जायचं तर सोबत लागती तुला.”

“मला नाही लागत, तुम्ही पाठवता! उद्या सायकलवर कवठे महांकाळला आत्याकडे जाऊन दाखवते. एकटी!”

आण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. “जा की. एकटी जायचं, एकटी यायचं. पण कुणाला तरास न देता. जमलं तर जा पुण्याला. न्हाई जमलं, तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई.”

ठरलं! रात्रभर मी पुस्तकातल्या सूचना घोकल्या. उन्हात फिकट कपडे घाला. मी पांढराशुभ्र पंजाबी ड्रेस काढला, वर पांढरी ओढणी. पाणी आपलं आपल्याजवळ ठेवा. वाटेत चहापाण्याला रेंगाळू नका. समोरून वारा आला तर मान खाली घाला आणि चालवत राहा.

मिरज सुटेपर्यंत मी इंग्लंडमध्येच होते. मग ऊन चढलं. ‘प्रत्येक चढापुढे एक गोड उतार असतो’ असं पुस्तकात लिहिलं होतं. लिहिणारा मिरजेच्या पूर्वेला आलेला नव्हता. दंडोबाच्या डोंगराकडून असा वारा सुटला, की उतारावरही पायडल मारावं लागत होतं. सावलीला बाभळी. त्यांची सावली म्हणजे चाळणीतून ओतलेलं ऊनच.

मेंढरं मात्र भेटली. कापसाचे गोळे नव्हेत, काळीकरडी, आणि अख्ख्या रस्त्यावर. मी घंटी वाजवतेय, वाजवतेय. त्यांच्यामागची बाई माझ्या ओढणीकडे बघून म्हणाली, “बाय, येवढ्या उन्हाची कुठं गं? कोण आजारी हाय का?”

“कोणी नाही!” मी फणकारले. बाई एकटी दिसली की हिला आजारपणच सुचतं!

पुढे एका फाट्यावर चहाच्या टपरीपाशी आत्याच्या शेजारचे तात्या बसले होते. बाजूला त्यांची फटफटी. झालं! मान खाली घालून निसटायचा प्रयत्न केला, पण तात्यांची नजर म्हणजे घार.

“आगं, तू सांगलीची मंजू न्हवं? एकटीच? सायकलवर?”

“हो तात्या. आत्याकडे चाललेय.”

“घरी समदं बरं हाय न्हवं?”

“एकदम बरं.”

“आण्णा?”

“ठणठणीत!”

तात्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

“च्या घे वाईच.”

“नको.”

“पानी तरी?”

“नको, तात्या!”

“बरं, कशापायी चाललीयास, तेवढं तरी सांग.”

पैजेचं सांगितलं असतं तर तिथेच प्रवचन सुरू झालं असतं. म्हणून म्हटलं, “ते आत्यालाच सांगेन. मला उशीर होतोय.”

तात्या उठले. टोपी काढून हातात घेतली. आपला भरलेला चहा तसाच ठेवून फटफटीला लाथ मारली आणि भुर्रकन पुढे निघून गेले. मला केवढं बरं वाटलं! एक तरी वडीलधारा माणूस असा, की ज्याला कमी शब्दांत कळतं!

कळलं होतंच त्यांना.

आत्याच्या दारात पोचले तर ही गर्दी! बायका ओट्यावर, पुरुष बाहेर डोकी खाली घालून. चूल विझवलेली. आत्याच्या घरी कोणीतरी गेलं, आणि मी इथे पैज जिंकायला आलेय! सायकल तशीच टाकून मी आत धावले. आत्याने मला मिठी मारली.

“असा कसा गं सोडून गेलाऽऽ!”

“आत्या, मला माहीतच नव्हतं गं!” आणि मी जो सूर लावला, तो ऐकून थांबलेल्या बायकाही नव्याने सुरू झाल्या. मला वाटत होतं, आत्याचे यजमान गेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. लहानपणी मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेला माणूस!

तेवढ्यात मामा आत आले. “चला, वडापवाला आलाय. जीप लागली दारात.”

मी किंचाळले. “मामा, तुम्ही आहात? मग गेलं कोण?”

आत्याने माझ्या केसांवरून हात फिरवला. “आण्णा, पोरी.”

“छे! आण्णा एकदम बरे आहेत!”

“व्हय, व्हय. बरं हायती,” मामा हळूच म्हणाले, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे माझी गत कळेल. माणूस गेला तर गावाला सांगायला जाणारा ‘गेला’ असं कधी म्हणत नाही. ‘बरं आहे, पण चला’ म्हणतो. वाटेत चहा घेत नाही, पाणी घेत नाही, फार बोलत नाही. म्हणजे मी जितक्यांदा ‘ठणठणीत’ म्हणेन, तितके आण्णा जास्त मेलेले!

“अहो, पण तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तात्यांनी. पक्की बातमी हाय.”

झालं. इथे माझी बी.ए.ची पदवी संपली. तात्या तर माझ्या पुढे आले! म्हणजे मी निघाल्यावर मागे खरंच काही झालं असेल, आणि ते त्यांना कुठूनतरी कळलं असेल. आमच्या फोनचा नंबर लावून वर्षं झाली होती, तो काही आला नव्हता. विचारणार कुणाला? सकाळी मी त्यांच्या पायाही न पडता निघाले होते. मघाशी मामांसाठी रडले, ती तालीम होती. आता खरी सुरुवात झाली. स्वतः उठवलेल्या अफवेवर स्वतःच विश्वास ठेवून मिरजेपर्यंत ढसाढसा रडणारी दुसरी पदवीधर दाखवा मला!

सायकल जीपच्या टपावर बांधलेली. मी आत, आत्याच्या मांडीत डोकं खुपसून, चार बायकांच्या खाली. जीप आमच्या दारात थांबली आणि बायकांनी एकदम गळा काढला.

दार उघडून आण्णा बाहेर आले. बनियनवर, अर्ध्या गालाला साबण.

त्यांनी रडणाऱ्या बायका बघितल्या. टपावरची सायकल बघितली. मी कुठेच दिसत नव्हते. वस्तरा हातातून गळला, आणि आमचे आण्णा, ज्यांचं खाकरणंही मी कधी हळवं ऐकलं नव्हतं, ते मटकन पायरीवर बसले.

“माजी मंजी… म्याच पाठवली गं तिला… म्याच!”

“आण्णा!” मी बायकांना तुडवत बाहेर पडले. त्यांनी मला धरलं, चाचपलं, पुन्हा धरलं. साबण माझ्या पांढऱ्या ओढणीला लागला. आत्या त्यांना चाचपत होती. कोण जिवंत आहे याची खात्री होईपर्यंत सगळी गल्ली जमली.

मग आत्याने तात्यांचा उद्धार केला, मामांनी जीपवाल्याला चहा दिला, आणि आण्णांनी उरलेली दाढी केली. पुसत पुसत म्हणाले, “अट काय हुती?”

“कुणाला त्रास न देता,” मी जमिनीकडे बघत म्हटलं.

आण्णांनी दारातली ती जत्रा बघितली. मग म्हणाले, “जा पुण्याला. हितं राहिलीस तर खरंच मारशील मला. फक्त एक कर. पत्रात ‘सगळं बरं आहे’ असं लिहू नगंस. तुजी आत्या जीप करून ईल.”

आता मी पुण्यात आहे. हॉस्टेल चांगलं आहे, मैत्रिणी छान आहेत. पण दर आठवड्याला घरी लिहिते: खोकला जात नाही, जेवण भिकार आहे, चप्पल तुटली.

आई कळवते, पत्र वाचून आण्णा निवांत झोपतात.