मशीनची मागची बाजू

पहाटे सव्वातीनला अयूब होडेकर उठायचा. गजर त्याने कधी लावला नाही. चारला रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडणारा क्रशर सुरू व्हायचा आणि पहिली लादी आकड्याने ओढून त्याच्या तोंडाशी न्यायची ती अयूबनेच. लादी दीड क्विंटलची. ती उचलायची नसते, घसरवायची असते. नवा माणूस उचलायला जातो आणि आठ दिवस आडवा होतो. अयूब लादी घसरवताना ती जराही तिरकी गेली तर मागे ओढून पुन्हा सरळ घालायचा. बाकीचे हसायचे. तिरकी घातली तरी बर्फच पडतो, म्हणायचे. पण तिरक्या लादीने क्रशरचे दात आधी एका बाजूचे झिजतात, हे हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

त्याआधी आठ वर्षं तो बहरीनच्या गोदीत होता. जहाजाच्या पोटातल्या टाक्यांमध्ये उतरून हवेच्या हातोडीने गंज काढायचा. लोखंडी टाकीत दहा माणसं हातोड्या चालवायला लागली की आवाज कुठून येतो ते कळत नाही. तो चारी बाजूंनी सारखाच येतो, आणि जेवायला वर आलं तरी डोक्यात राहतो.

परत यायच्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, एका इंजिनिअरच्या घरी खिडकीची जाळी बसवायला त्याला पाठवलं होतं. काम संपलं तेव्हा इंजिनिअर त्याला म्हणाला, जरा बस, आणि कसलीशी तबकडी लावली. खोलीत एक यांत्रिक होडी आली. डाव्या खांद्यामागून आली, कानाजवळून गेली आणि समोर उजवीकडे दारातून निघून गेली. अयूबने मान वळवून मागे बघितलं. मागे भिंत होती. इंजिनिअर हसला. अयूबला हसू आलं नाही. आवाजाला जागा असते, हे आठ वर्षांत त्याला पहिल्यांदा कळलं होतं.

शेवटच्या पगारातून त्याने तसाच अँप्लिफायर घेतला, पाच स्पीकर आणि खालच्या दणक्याचा एक मोठा खोका. घरी आला तेव्हा रझियाने सामान उघडून बघितलं.

"लोक सोना आणतात," ती म्हणाली. "तुम्ही खोके आणलेव."

"सोना वाजत नाय."

"वाजवायची गरज काय त्याला? अंगावर दिसतो."

अँप्लिफायरच्या मागे सहा सॉकेट होते, सहा वायरींचा आवाज आत घ्यायला. तसा सहा वायरींनी आवाज देणारं मशीन मात्र घ्यायचं राहून गेलं. आधी घरावर कौलं घालायची होती, मग मुलीचं, मेहरीनचं लग्न. नऊ वर्षं दोन सॉकेटला टेपरेकॉर्डर लागला आणि चार रिकामे राहिले. तीन स्पीकर आणि खोका प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कपाटावर होते. दर ईदला अयूब ते उतरवून पुसायचा आणि पुन्हा वर ठेवायचा.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर कानाच्या डॉक्टरने तपासून त्याला कागदावर दोन कानांच्या दोन रेघा दाखवल्या. दोन्ही उतरत होत्या. डावी पुढे होती.

"किती दिवस?" अयूबने विचारलं.

"क्रशर सोडलात तर बरीच वर्षं जातील. नाही सोडलात तर दोन, फार तर अडीच."

अयूबने क्रशर सोडला नाही. मशीन त्याच मजुरीतून यायचं होतं. कानात कापूस घालून वर मेण लावायचा आणि पहिली लादी ओढायचा. बुजवलेल्या कानांनी काम करताना त्याला एकच घाई होती. कान जायच्या आत ती होडी स्वतःच्या घरात, एकदा तरी मागून पुढे जायला हवी होती.

गोखले नाक्याजवळ शुभंकरचं टीव्ही-टेपचं दुकान होतं. पोरगा सरळ होता, मालाचं खरं सांगायचा.

"चाचा, हे डीव्हीडी मशीन घ्या. स्वस्तात मस्त. सहा सॉकेट पाहिजेत ना? आहेत."

अयूबने मशीन उलटं करून मागची बाजू बघितली. सॉकेट सहा होते खरे. त्याने ते दुकानातल्याच स्पीकरवर लावायला सांगितलं. दहा मिनिटं डोळे मिटून उभा राहिला.

"पातळ आहे," तो म्हणाला.

"पातळ म्हणजे?"

"बर्फ नीट गोठला नाय तर वाजतो कसा, तसा."

शुभंकरने मग नव्या तबकड्यांचं सांगितलं. ब्लू-रे. त्यात आवाज न छाटता पुरा भरलेला असतो. पण तो आत दाबून ठेवलेला असतो, कोणीतरी उलगडावा लागतो. नवे अँप्लिफायर ते काम करतात. अयूबचा जुना, त्याला ते जमणार नव्हतं. म्हणजे मशीननेच आवाज उलगडून सहा वायरींनी बाहेर सोडायला हवा. अशी मशीनं थोडी असतात, महाग असतात आणि रत्नागिरीत कोणी ठेवत नाही.

"आणि चाचा, तुमच्या टीव्हीवर ते चित्र काही दिसायचं नाही तसं. टीव्ही बदलावा लागेल."

"चित्र कोणाला बघायचाय?"

"अहो, लोक चित्रासाठी घेतात ते."

"लोकांना दोन डोळे आहेत ते टिकलेत. मला कानाचा सांग."

अयूबच्या बहिणीचा मुलगा झुबेर दुबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या गोदामात कामाला होता. वर्षभर दर शुक्रवारी फोनवर मशीन निवडणं चाललं. एका मशीनला दोनच सॉकेट होते. ते गेलं. एकाला सहा होते, पण नवा आवाज उलगडत नव्हतं. तेही गेलं. एकात सगळं होतं, पण प्रत्येक स्पीकर माणसापासून किती फुटांवर आहे ते घालायची सोय नव्हती. अयूबची खोली चिंचोळी. मागचे स्पीकर जवळ, पुढचे लांब. अंतर घातलं नाही तर मागचा आवाज आधी पोचणार.

"मामू, एकदा पुढून कसा दिसतो ते तरी विचार. निळा दिवा लागतो, भारी दिसतो."

"दिवा तुझ्या खोलीत लाव. मागे काय लिवलाय ते वाच."

चौथं मशीन पसंत पडलं. शुभंकर म्हणाला होता, मुंबईहून मागवून देतो, बिलासकट. अयूबला ते पटलं नाही. त्याच्या मोहल्ल्यात इस्त्रीपासून शिलाई मशीनपर्यंत चांगली चीज आखातातूनच यायची, आणि ती येणाऱ्याच्या हातीच यायची. पार्सलाने आलेली वस्तू आपटलेली असते, असं सगळेच धरून चालायचे. तबकडी तेवढी त्याने शुभंकरकडून मुंबईहून मागवली, समुद्राची, बोटींची. ती काय, कुठलीही चालेल.

दोन हजार नऊच्या मेमध्ये झुबेर सुट्टीवर आला. मशीन गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आला होता. तोवर अयूबने जांभ्याच्या भिंतीत छिन्नीने चर पाडून वायरी बसवल्या होत्या. मधल्या खुर्चीपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत सुतळी लावून अंतर मोजलं होतं. सहा वायरी सहा सॉकेटना लागल्या. मशीनमध्ये स्पीकर तपासायचा एक आवाज होता, वाफ सुटल्यासारखा. अयूब खुर्चीत बसला. शूऽऽ आवाज पुढे डावीकडे आला, मग मध्ये, मग उजवीकडे, मग मागे उजवीकडे, मग मागे डावीकडे. अयूबने मान वळवली. एकदाच. मग म्हणाला, "आता तबकडी घाल."

झुबेरने घातली. पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली आणि तिथेच राहिली. तबकडी काढून पुसली, पुन्हा घातली. तीच ओळ. झुबेरने ती तिसऱ्यांदा वाचली आणि खाली बसला.

"मामू, ही तबकडी हिंदुस्थानची आहे. मशीन तिकडचा. कंपनीने मुलूख वाटून दिलेत. तिकडच्या मशीनवर इकडची चालत नाय."

"कुलूप काढता येईल?"

"या मशीनचा नाय येत."

"तुला गोदामात असून माहीत नव्हता?"

"मामू, मी खोके उचलतो. उघडत नाय."

अयूबने तबकडी डबीत परत ठेवली. तोही आयुष्यभर तेच करत आला होता.

शुभंकरला कळलं तेव्हा तो घरी आला. म्हणाला, "चाचा, जुन्यातल्या काही डीव्हीडी कुलपाशिवायच्या असतात. माझ्याकडची एक आणून लावू. आवाज सहाही स्पीकरमधून येईल. तिकडची तबकडी येईपर्यंत ऐकत बसा."

"पातळ ना?"

"थोडा पातळ."

"मग नको. ऐकीन तो पुरा ऐकीन."

रझिया दारात उभी होती. "कान काय थांबलेत तुमच्यासाठी?" ती म्हणाली. अयूबने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या दिवसांत ते खरं की खोटं, हे सांगणं कठीण होत चाललं होतं.

जूनमध्ये झुबेर परत गेला. त्याने पहिल्या आठवड्यातच तबकडी घेतली आणि विचारलं, कुरिअर करू? अयूबने नको म्हटलं. कस्टमवाले उघडतात, ओरखडा पडेल. येणाऱ्याच्या हाती दे. पण रमजान ईदला गावचं कोणी आलं नाही. दुबईत कामं बंद पडत होती, लोक तिकिटाचा खर्च टाळत होते. मासेमारीवरची पावसाळी बंदी ऑगस्टातच उठली होती, बोटी लागल्या होत्या, क्रशर पुन्हा चारला सुरू झाला होता. सप्टेंबरात अयूबला अजान फक्त भोंग्याखाली उभं राहिल्यावर ऐकू येऊ लागली. ऑक्टोबरात मुकादम त्याला हाताने खुणा करू लागला.

बकरी ईदच्या दोन दिवस आधी फणसोप गावचा एकजण दुबईहून आला आणि तबकडी देऊन गेला. एकही ओरखडा नव्हता.

अयूबने कापूस काढून कान स्वच्छ पुसले. मधल्या खुर्चीत बसला. रझियाला शेजारी स्टुलावर बसवलं. तबकडी चालली. पडद्यावर पाणी आलं. खोक्याचा दणका जमिनीतून त्याच्या तळव्यांना लागला. पुढून काहीतरी भिंतीपलीकडून बोलल्यासारखं येत होतं. मागून काहीच नव्हतं. त्याने आवाज वाढवला, मग पुरा वाढवला.

रझियाने एकदम मान वळवून मागे बघितलं.

अयूबने ते पाहिलं. त्याने तिच्या हाताला हात लावला आणि मोठ्याने विचारलं, "काय होता?"

तिने काहीतरी सांगितलं. त्याला कळलं नाही.

"कुठून कुठे गेला, दाखव."

रझियाने हात उचलला. डाव्या खांद्यामागून आणला, कानाजवळून नेला, समोर उजवीकडे दाराशी थांबवला. मग दोन्ही कानांवर हात ठेवून कमी करा, कमी करा अशी खूण केली.

"म्हणजे अंतर बरोबर धरलाय," अयूब म्हणाला आणि आवाज कमी केला.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला तो उठला. अकरा वर्षांच्या बर्फाने त्याला घेऊन दिलं ते एवढंच: रझियाचा हात, डाव्या खांद्यामागून उजव्या दाराकडे गेलेला.