लहान बॅटरी

आमच्या ह्यांचं मंगळवार पेठेत मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. पंपाच्या, गिरणीच्या जळक्या मोटारी यायच्या आणि नवी तार भरून परत जायच्या. दोन हजार सालानंतर कधीतरी ह्यांच्या डोक्यात शिरलं, की आपली गाडी आपणच विजेवर चालवायची. एक जुनी व्हॅन आणली, तिचं इंजिन उपटलं, तिथं मोटार बसवली आणि सीटखाली ट्रकच्या बॅटऱ्या ओळीनं मांडल्या. मी म्हटलं, "त्यापेक्षा दोन म्हशी आणा की!" "न्हाय," म्हणाले. ह्यांचं सगळ्यालाच न्हाय असायचं. पावण्यांकडं जाऊया? न्हाय. भिंतीला रंग देऊया? न्हाय. असला हेकट माणूस! पण गाडी चालली. आवाज नाही, धूर नाही, रंकाळ्यापर्यंत गुपचूप जाऊन यायची. मला लई कौतुक वाटायचं, पण तोंडावर कशाला सांगू?

मग ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, "व्हय." चहा घेणार? व्हय. पडता का जरा? व्हय. बघायला आलेली माणसं म्हणायची, "बरं झालं, मवाळ झालं की!" असा राग यायचा मला. डॉक्टर म्हणाले होते, बोललेलं ह्यांना किती कळतं ते सांगता येत नाही. माझ्या हाताशी तो एक शब्दच होता, त्याच्यावर मी संसार रेटत होते. पण ताट समोर ठेवून त्या चेहऱ्याकडं बघितलं की जीव तुटायचा. माझा माणूस आत आहे का नाही, हे कुणाला विचारायचं?

गाडी दारात धूळ खात होती. एकदा विचारलं, "विकूया का?" "व्हय." म्हणून दिरांनी मुरगूडच्या एका पावण्याशी बोलणं लावलं. तो म्हणाला, आधी चालू करून दाखवा, मग बघू.

तो यायच्या दिवशी सकाळी मी चावी फिरवली, तर गाडी ढिम्म. मोठ्या बॅटऱ्या भरलेल्या होत्या, काटा तसं दाखवत होता. पण पुढच्या बाजूला एक लहान बॅटरी असते, हॉर्नची आणि दिव्यांची. मोठ्यांचा करंट सोडणारा स्विच तीच ओढते. ती मेली की मोठ्या कितीही भरलेल्या असू देत, उपयोग शून्य. हे मला पाठ होतं, कारण ह्यांच्याजवळ पाना आणि टॉर्च धरून मीच उभी राहायची. दिरांना सांगून नवी बॅटरी मागवली, ह्यांची खुर्ची गाडीसमोर आणून ठेवली आणि पदर खोचला.

आधी मोठ्यांचा मेन स्विच पाडला. जुन्या बॅटरीची मायनसची वायर सोडवली, मग प्लसची. दोन्ही काळ्याच! दुकानात पडलेली वायर वापरली होती ह्यांनी, रंगाची काय चैन? जुनी उचलून खाली ठेवली, नवी तिच्या जागी बसवली. डावीकडची वायर डावीकडं, उजवीकडची उजवीकडं, त्यात काय एवढं? डावी आवळली आणि उजवी उचलली.

"व्हय!" हे ओरडले.

"व्हय, लावतेय की."

"व्हय! व्हय! व्हय!" डाव्या हातानं खुर्ची बडवायला लागले.

"अवो, व्हय म्हणताय न्हवं? मग वरडताय कशाला?" म्हणत मी वळले आणि थांबले. डोळे वटारलेले, नाक फुगलेलं. तो चेहरा मी लग्नापासून बघत आले होते. भिंतीच्या रंगाला हाच चेहरा, म्हशींना हाच चेहरा. मी वाकून बॅटरी बघितली. नवीचं प्लस-मायनस जुनीच्या उलट बाजूला होतं. मी प्लसच्या जागी मायनस जोडत होते.

"उलटं लागतंय?"

"व्हय," हे हळूच म्हणाले आणि अंग सैल सोडून मागं टेकले.

मी तिथंच गाडीच्या चाकाशी बसले आणि पोटभर रडले. आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू? माणूस आत होता. अख्खा होता. नंतर वायरी अदलाबदल करून आवळल्या, मेन स्विच परत वर केला, चावी फिरवली, आतला स्विच टक करून वाजला आणि गाडी सुरू झाली.

दुपारी मुरगूडचा पावणा आला. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेऊन आणली, खूश झाला. ह्यांच्यासमोर उकिडवा बसून मोठ्यांदा म्हणाला, "मालक, मग देताय न्हवं गाडी आमाला?"

"व्हय," हे म्हणाले.

पावण्यानं हसत खिशात हात घातला. मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"पावणं, ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "न्हाय म्हणत्यात ते."